हात लावू नका!

आमच्या वर्ध्यात पाहुणा आला म्हणजे आम्ही त्याला सेवाग्रामला नेतो, पवनारला नेतो, मगनवाडीतल्या संग्रहालयातले चरखे दाखवतो. हाताने काम करण्याच्या थोरवीवर चार वाक्ये ऐकवतो आणि घरी परतताना वाटेत मोटार कुरकुरली, तर तिचे झाकणसुद्धा न उघडता कारखान्याला फोन लावतो! श्रमाचे देव्हारे उभारणाऱ्या गावाने हाताला एवढे पारखे व्हावे, या विसंगतीवर मला आज भांडायचे आहे. आणि भांडणाला निमित्त झाले आहे ते तळहातावर मावणारे एक लोखंडी कडे.

माझी मोटार जुनी आहे. मुलगी तीच घेऊन रोज हिंगणघाटला नोकरीला जाते. गेल्या उन्हाळ्यात वळण घेताना पुढच्या चाकातून कटकट ऐकू येऊ लागली. अॅक्सलच्या बाहेरच्या सांध्यावरचे रबर फाटून आत माती गेली होती, सांधा खलास झाला होता. अधिकृत दुरुस्तीशाळेने संपूर्ण अॅक्सलची जी किंमत सांगितली, ती माझ्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक होती. नागपूरच्या बाजारात नवा अॅक्सल तिसऱ्या हिश्शात मिळाला, पण त्यावर दातेरी कडे नव्हते. सुटे कडे मागितले, तर 'सुटे येत नाही' असे उत्तर आले. म्हणजे जुन्या अॅक्सलवरचे काढून नव्यावर चढवायचे, एवढाच मार्ग उरला.

हे कडे काय करते ते सांगतो, कारण भांडण समजायचे तर ते समजले पाहिजे. सांध्याच्या बाहेरच्या अंगावर ते घट्ट दाबून बसवलेले असते. खिळा नाही, स्क्रू नाही. त्याच्या दात्यांपासून जेमतेम एक मिलिमीटरवर एक संवेदक असतो, त्याच्या पोटात लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे. चाक फिरले की एकेक दाता पुढून सरकतो, वेटोळ्यात विजेची लाट उठते आणि गाडीतला संगणक त्या लाटा मोजून चाकाचा वेग ओळखतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक जागच्या जागी जाम होऊ लागले, तर त्याचा ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा आवळतो. यालाच एबीएस म्हणतात. एप्रिल 2019 पासून आपल्या देशात नव्या मोटारींना ती सक्तीची आहे, आणि ते योग्यच आहे.

आता माझी फजिती ऐका. छिन्नी लावली आणि एकाच बाजूने ठोकत सुटलो. कड्याखाली गंज धरला होता. गंजलेले लोखंड फुगते आणि वरच्या कड्याला आतून ताणत राहते. चौथ्या ठोक्याला कड्याला चीर गेली. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ब्रेकशी खेळ करू नका. त्या गाडीत आपली पोर बसते." मी निरुत्तर झालो. कारण त्या बरोबर बोलत होत्या. चीर गेलेले कडे तसेच बसवले असते, तर एका जागी दात्यांमधले अंतर वाढले असते. गाडी हळू होताना संगणकाला चाक अडल्याचा भास झाला असता आणि नको त्या क्षणी त्याने ब्रेक सैल केला असता.

पराभूत सेनापतीसारखा मी ते तुटके कडे घेऊन आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. त्याने ते उलटेसुलटे पाहिले आणि हसून म्हणाला, "गुरुजी, याले मारू नका. तापवा. तापलं का आपोआप बसते. धाव कशी चढवत होतो आम्ही?"

धाव! बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, लाकडी चाकावर टाकायची, वर पाणी ओतायचे. लोखंड आवळते आणि आरे, तुंबा सगळे एकजीव होते. लहानपणी मी हे शंभरदा पाहिले होते. पुढे तीस वर्षे शाळेत 'उष्णतेने धातू प्रसरण पावतात' हे वाक्य फळ्यावर लिहिले. परंतु ज्ञान आणि हात यांची माझ्याच देहात गाठ पडली नव्हती. 1937 साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नयी तालीम निघाली, ती नेमकी हीच गाठ बांधण्यासाठी ना?

मग हिशेब केला. कड्याचा व्यास 80 मिलिमीटर. पोलाद दर अंशाला दर मिलिमीटरमागे सुमारे 12 दशलक्षांशाने वाढते. 30 अंशांवरून 200 वर नेले, तर व्यास सुमारे 0.16 मिलिमीटरने वाढतो. तेवढे पुरते. भंगारातून त्याच गाडीचा दुसरा अॅक्सल आणला, दाते मोजले. 48 भरले, तुटक्याइतकेच. कडे किती खोल बसले आहे ते मापून लिहून ठेवले. तो अॅक्सल टाकाऊच होता, म्हणून ज्योत बिनदिक्कत लावली आणि चहूबाजूंनी सारखे हलके ठोके देत कडे उतरवले. नव्या अॅक्सलला मात्र ज्योत दाखवायची नाही, कारण आत वंगण आणि रबर. तिथे फक्त कडे भट्टीत तापवले, चिमट्याने धरून ठेवले, आणि ते एका श्वासात खाली उतरले. चाक हाताने फिरवून मापकावर वीज पाहिली. मोकळ्या मैदानावर गाडी पळवली, दिवा विझलेलाच राहिला.

काही मोटारींत दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. तिला आच लागली की ती मेली. तिथे माझी ही रीत चालणार नाही, हेही सांगून ठेवतो.

आता खरे भांडण. अॅक्सलच्या टोकाचा नट किती जोराने आवळायचा याला एक ठरलेला आकडा असतो. तो विचारायला मी त्याच दुरुस्तीशाळेत गेलो. उत्तर मिळाले, "तो ग्राहकाला देत नाही. तुम्ही हात लावू नका." मी विचारतो, का नाही? तो आकडा कोणाच्या तिजोरीतला दागिना आहे? गल्लीतला मिस्त्री तोच नट रोज अंदाजाने आवळतो आणि त्या गाड्या रस्त्यावर धावतात. धोका हात लावण्यात नाही. धोका आहे तो आकडा लपवून ठेवण्यात. जिवाच्या काळजीचे सोंग घेऊन जे ज्ञान कोंडतात, तेच जिवावर उठतात!

हे एकट्या म्हाताऱ्याचे रडगाणे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना 2544.65 कोटी रुपये दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांपासून अडवून धरल्याबद्दलच. पुढे अपिले झाली, वाद लांबला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 साली मतदारांनी मोटारदुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. आपल्या केंद्र सरकारने 2022 साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि मोटारींचा त्यात समावेश केला. पण हक्क कागदावर आला म्हणून नट आवळला जात नाही.

कोणी म्हणेल, हे तज्ज्ञांचे काम. मान्य. परंतु माझा तज्ज्ञ तो लोहार निघाला, आणि त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही. प्रत्येकाने अॅक्सल उतरवावा असे माझे म्हणणे नाही. ज्याचा हात थरथरतो त्याने खुशाल मिस्त्रीकडे जावे. पण जाणे त्याच्या मर्जीने असावे, अज्ञानाच्या साखळीने ओढले जाऊन नव्हे.

आमचे काही गांधीवादी मित्र दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, मोटारच नको. त्यांना आठवण देतो, यंत्रांवर कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी 1924 साली शिवणयंत्राला अपवाद मानले होते. आणि 1929 साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस लावले, तेव्हा त्याच्या अटी काय होत्या? किंमत 150 रुपयांच्या आत. यंत्र 20 वर्षे टिकावे. आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या 5 टक्क्यांपुढे जाऊ नये. बक्षीस कोणाला मिळाले नाही. पण पाहा, यंत्र जन्मण्यापूर्वीच त्याच्या दुरुस्तीचा विचार! आजच्या कोणत्या मोटारीच्या जाहिरातीत ही अट वाचली आहे तुम्ही?

तो नटाचा आकडा शेवटी मला एका जुन्या मिस्त्रीच्या वहीत मिळाला. त्याच्या गुरूने लिहून दिलेला. तो मी माझ्या वहीत उतरवला. मोजणीचा पाना उसना आणून नट त्याच मापाने आवळला आणि मिस्त्रीला बोलावून काम तपासून घेतले. सौभाग्यवती त्याच्या मागे उभ्या राहून प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. तो "ठीक आहे" म्हणाला, तेव्हाच त्यांनी मुलीच्या हातात किल्ली दिली.

तुटके कडे मी फेकले नाही. ते माझ्या टेबलावर आहे. पुन्हा कोणी 'हात लावू नका' म्हणाले की मी ते उचलतो, त्याची चीर दाखवतो आणि सांगतो: ही चीर माझ्या अडाणी हाताने पाडली, खरे आहे. पण त्यावरचा उपाय हात कापणे नव्हे. हाताला शिकवणे आहे.