मोटारीचे वय आणि मोटारीचे आयुष्य

जुनी मोटार ठेवावी की ती काढून टाकून नवी घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या खिशापुरता आहे. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत तो खासगी राहिलेला नाही. हरित लवादाने त्यात लक्ष घातले, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिले, केंद्र सरकारने धोरण आखले आणि कारखानदारांनी त्या धोरणाचे मनापासून स्वागत केले. या साऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती. मोटार टाकाऊ केव्हा झाली हे दिनदर्शिका पाहून ठरवावे, अशी ती समजूत. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण तिच्या भरीस पडून पाच वर्षांचे हप्ते मागे लावून घेणारा माणूस बहुधा मास्तर, कारकून किंवा छोटा दुकानदार असतो.

प्रथम कायद्याची स्थिती स्पष्ट करणे इष्ट होईल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि गाडी योग्य ठरल्यास पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. म्हणजे १५ वर्षे पुरी झाली की गाडी बाद झाली, असे देशाचा सर्वसाधारण कायदा म्हणत नाही. तो तपासणी करून घ्या, एवढेच सांगतो. मात्र ही तपासणी दिवसेंदिवस महाग होत गेली आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपयांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढील मोटारींसाठी ते १० हजार करण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढच्या गाड्यांना पर्यावरण कर निराळा द्यावा लागतो. जुन्या गाडीला बंदी नाही, पण तिचे स्वागतही नाही, असा याचा अर्थ.

दिल्लीचा धडा

दिल्लीत गोष्टी याच्या पुढे गेल्या. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये १५ वर्षांवरील गाड्यांना राजधानीच्या रस्त्यांवर मज्जाव केला, एप्रिल २०१५ मध्ये डिझेल गाड्यांसाठी ही मर्यादा १० वर्षांवर आणली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा फतवा निघाला. त्याविरुद्ध इतका गहजब झाला की काही दिवसांतच त्याची अंमलबजावणी थांबवावी लागली. जपून वापरलेली, मोजके किलोमीटर धावलेली आपली गाडी केवळ जन्मतारखेमुळे भंगारात का काढावी, असा तेथील मध्यमवर्गीयांचा सवाल होता आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणापाशीही नव्हते.

पुढे न्यायालयाचीच भूमिका बदलली. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश झाला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण ‘भारत स्टेज-चार’ व त्यानंतरच्या मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. गाडीचा जन्म केव्हाचा, या प्रश्नाची जागा गाडीच्या धुरात काय आहे, या प्रश्नाने निदान काही प्रमाणात घेतली. अकरा वर्षांच्या घोळानंतर का होईना, पण गाडी योग्य रस्त्याला लागली, असे म्हणावे लागेल.

वयाची मर्यादा किती आंधळी असते, याचे उदाहरण मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईची कित्येक दशके ओळख होती. या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. रोज शे-दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी २० वर्षे चालू शकते, आणि शाळा व मंडई यांपलीकडे न जाणारी मास्तरांची मोटार मात्र दिल्लीत १५ वर्षांत टाकाऊ ठरते. यातला तर्क कोणता?

घरगुती हिशेब

धोरणाचा विचार घटकाभर बाजूला ठेवून घरच्या हिशेबाकडे वळू. बारा वर्षांची, १ लाख १० हजार किलोमीटर धावलेली एक लहान पेट्रोल मोटार समजा. ती वर्षाला सुमारे ९ हजार किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. क्लच गेला, पुढचे सस्पेन्शन खडखडू लागले आणि गॅरेजवाल्याने ४० हजारांचा आकडा सांगितला. ‘एवढे पैसे जुन्या गाडीत घालण्यापेक्षा नवी घ्या’ असा सल्ला घरात, कचेरीत आणि शेजारीपाजारी लगेच मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यापासून तर हा सल्ला अधिकच गोड वाटू लागला आहे.

आता नव्या गाडीचे आकडे मांडून पाहू. गाडीची किंमत ६ लाख रुपये धरू. विमा व्यवसायातील घसाऱ्याच्या प्रचलित कोष्टकानुसार पाच वर्षांत गाडीचे विमामूल्य निम्म्यावर येते. म्हणजे वर्षाला सरासरी ६० हजार रुपये केवळ घसाऱ्यात गेले. ५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता १० हजार ३८० रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या घरात जाते. म्हणजे वर्षाला सुमारे साडेचोवीस हजार. घसारा आणि व्याज मिळून साडेचौऱ्याऐंशी हजार झाले. वाढीव विमा आणि पदरचे घातलेले १ लाख रुपये यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

याच्या बदल्यात मिळते काय? नवी गाडी लिटरला २० किलोमीटर देईल असे मानले, तर ९ हजार किलोमीटरांना ६०० लिटरऐवजी ४५० लिटर पेट्रोल लागेल. १५० लिटर वाचले. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरले, तर १५ हजार रुपयांची बचत झाली. जुन्या गाडीची किंमतही दरवर्षी थोडी घटते. तिचे १० हजार धरू. हे २५ हजार वजा केले, तरी नव्या गाडीचा वर्षाचा जादा बोजा ६० हजारांच्या जवळपास उरतो. तात्पर्य, नेहमीची सर्व्हिसिंग सोडून जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर दर वर्षी, एखाद्याच वर्षी नव्हे, ६० हजारांहून अधिक खर्च होत असेल, तरच निव्वळ पैशाच्या दृष्टीने ती बदलणे शहाणपणाचे ठरते. ४० हजारांचा एकदाच येणारा खर्च मोठा वाटतो, कारण तो एकरकमी येतो. हप्ता लहान वाटतो, कारण तो महिन्याने विभागलेला असतो.

परंतु हाच हिशेब वर्षाला ३० हजार किलोमीटर फिरणाऱ्या औषध-विक्रेत्या प्रतिनिधीसाठी मांडला, तर चित्र पालटते. त्याचे वर्षाला ५०० लिटर, म्हणजे ५० हजार रुपये वाचतात आणि नव्या गाडीचा जादा बोजा पंचवीस हजारांच्या आत येतो. गाडी तीच, मीटरवरचा आकडाही तोच, पण निर्णय उलट. यावरून निघणारा नियम साधा आहे. गाडी आजवर किती धावली यापेक्षा ती यापुढे वर्षाला किती धावणार, हे पाहावे. मीटर भूतकाळ सांगतो. निर्णय भविष्याचा असतो. त्याच न्यायाने, ‘गेल्या वर्षीच हिच्यात ३० हजार घातले आहेत’ हे गाडी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. तो खर्च होऊन गेला आहे.

शिवाय मधला मार्गही आहे, त्याचा विचार आपण क्वचितच करतो. वर उल्लेखिलेल्या कोष्टकाप्रमाणे तीन वर्षे उलटताच गाडीच्या मूल्यातून ४० टक्के वजा होतात. हा सर्वांत मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. तेव्हा बदल करायचाच असेल, तर तीन-चार वर्षांची, सर्व्हिसिंगची नोंद असलेली गाडी विश्वासू मेकॅनिककडून पारखून घेणे मध्यमवर्गीयाला अधिक परवडते. मीटर मागे फिरवण्याचे उद्योग या बाजारात चालतात, म्हणून नोंदवहीवाचून नुसत्या आकड्यावर विसंबू नये, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे.

धूर, गंज आणि जीव

सगळा हिशेब पैशाचाच नसतो. नवी गाडी घेणे हे पर्यावरणाचे कर्तव्य आहे, असे सांगण्यात येते. यात अर्धे सत्य आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या उदाहरणातील १५० लिटरांच्या बचतीतून वर्षाला जेमतेम ३४५ किलो वाचतात. उलट नवी मोटार घडवताना पोलाद, अॅल्युमिनियम, रबर आणि प्लास्टिक यांपायी होणारे उत्सर्जन ढोबळ मानाने ५ टन धरले, तरी ते भरून निघायला चौदा वर्षांहून अधिक काळ लागेल. वर्षाला ३० हजार किलोमीटर धावणाऱ्याच्या बाबतीत हेच साडेचार वर्षांच्या आत भरून निघते. येथेही पुढची धाव हाच निकष लागू पडतो.

फुप्फुसांना बाधणाऱ्या धुराची गोष्ट मात्र वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज-सहा’ने डिझेल मोटारीतून निघणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ०.२५ वरून ०.०८ वर आणली. पेट्रोलच्या बाबतीत ही दुसरी मर्यादा ०.०८ वरून ०.०६ एवढीच उतरली. म्हणून दाट वस्तीच्या शहरात रोज फिरणारी जुनी डिझेल गाडी बदलण्याचा आग्रह धरणे योग्य आहे. नीट निगा राखलेल्या ‘स्टेज-चार’ पेट्रोल गाडीच्या मालकाला त्याच दावणीला बांधणे योग्य नाही.

जुन्या गाडीच्या विरुद्ध जाणारा सर्वांत सबळ मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त मोटारींत ती नाही, आणि चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणाही नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्यास याचे फारसे महत्त्व वाटणार नाही. परंतु लेकराबाळांसह द्रुतगती मार्गाने वारंवार प्रवास करणाऱ्याने वरचे सगळे आकडे बाजूला ठेवून गाडी बदलली, तर त्याला कोणी उधळ्या म्हणू नये. तीच गोष्ट गंजाची. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते, पण सांगाड्याला आणि तळपत्र्याला लागलेला गंज गाडीचा कणाच पोखरतो. सोलापूरच्या कोरड्या हवेतली आणि रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यातली अशा एकाच वर्षीच्या दोन गाड्या प्रत्यक्षात समवयस्क नसतात. गाडी उचलून घेऊन तिचा तळ पाहणे, हे मीटर पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे.

इंधनही बदलले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. जुन्या, इथेनॉलरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या मोटारींत यामुळे कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. रबरी नळ्या आणि गॅस्केटे बदलणे हा यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. मात्र ज्याला धोरणाने जुन्या गाडीचा खर्च वाढवून दिला, त्यालाच जुनी गाडी बाळगल्याबद्दल दंड करणे हे न्यायाचे नव्हे.

सरकारने काय करावे?

वाहने मोडीत काढण्याचे धोरण मार्च २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत मांडले. गाडी मोडीत देणाऱ्यास नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य, मोटार करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत आणि नोंदणी शुल्काची माफी असे त्याचे स्वरूप आहे. खरोखरच निकामी झालेल्या गाड्यांसाठी हे धोरण उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु सवलतींचा सारा रोख नव्या खरेदीकडे आहे. चांगली गाडी निगुतीने वापरणाऱ्याला त्यात शाबासकी नाही.

वयाच्या मर्यादेचे समर्थक म्हणतात, की तपासणीवर विश्वास ठेवावा अशी स्थिती नाही, म्हणून तारीख पाहणेच बरे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पी.यू.सी.च्या तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेलच्या धुराची घनता तेवढी पाहतात. सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तीतून निसटतात. गाडी न बघताच प्रमाणपत्र देणारी केंद्रेही कोणाला अपरिचित नाहीत. पण तराजू खोटा निघाला म्हणून कोणी धान्य नजरेने मोजत नाही. तराजू दुरुस्त करायचा असतो. माणसाचा हात कमीत कमी लागेल अशी स्वयंचलित तपासणी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात पुरेशा संख्येने उभारावीत, त्यांत धूर, ब्रेक आणि सांगाडा या तिन्हींची परीक्षा व्हावी, आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्या गाडीच्या मालकाकडून वयाचा दंड घेऊ नये. नापास झालेली गाडी मात्र ती आठच वर्षांची असली, तरी रस्त्यावरून हटवावी.

असे झाले तर नागरिकाचा आणि सरकारचा निकष एकच होईल. गाडी पुढे किती धावणार, तिच्या धुरात काय आहे, तिचे ब्रेक लागतात का आणि तिचा सांगाडा शाबूत आहे का, हे चार प्रश्न दोघांनीही विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर गॅरेजचे ४० हजार निमूटपणे द्यावेत आणि गाडी वापरावी. नसतील, तर ती गाडी कालपरवाची असली तरी तिचा मोह सोडावा.