तीन पायांचा ठेवा

म्हैसूर म्हटले की दसरा, चंदनाचा साबण आणि तुपाने निथळणारा म्हैसूरपाक आठवतो. रेडिओ सहसा आठवत नाही. वास्तविक ‘आकाशवाणी’ हे नाव रेडिओ केंद्राला मिळाले ते याच शहरात. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या ‘विठ्ठल विहार’ या राहत्या घरी छोटेसे खासगी केंद्र सुरू केले. पुढे ते म्हैसूर संस्थानाने चालवायला घेतले, आणि स्वातंत्र्यानंतर तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीला लाभले.

अशा शहरात जुन्या रेडिओचा शौक कुणाला असला तर नवल नाही. मात्र रेडिओची लाकडी पेटी पुसूनपासून दिवाणखान्यात मांडणारे पुष्कळ, तिच्या पोटातले सुटे भाग जपणारे थोडे. काचेच्या व्हॉल्व्हला अजून थोडा मान आहे. तो दिसतो छान आणि तापला की आतून उजळतो. ट्रान्झिस्टर बिचारा हरभऱ्याएवढा, तारेचे तीन पाय फुटलेला. डायोडला तर दोनच. घर आवरायला काढले की हा डबा सर्वांत आधी भंगारवाल्याच्या तराजूत पडतो.

ज्यांना याची गोडी लागते ते बहुधा एखाद्या कंपनीच्या मागे लागतात. ब्रिटनची ‘फेरांटी’ ही त्यांतली एक लाडकी कंपनी. १८८५ साली स्थापन झालेले हे घराणे आधी विजेच्या यंत्रांत नावाजले. १९५१ साली मँचेस्टर विद्यापीठाला त्यांनी दिलेला ‘मार्क १’ हा बाजारात विकल्या गेलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक. १९५५ च्या सुमारास त्यांनी सिलिकॉनचा डायोड तयार केला, तेव्हा युरोपात तो पहिलाच मानला गेला. त्या काळी जर्मेनियमचा बोलबाला होता. पण जर्मेनियम ७५-८० अंशांपलीकडे तापले की बिथरते. सिलिकॉन दीडशे अंशांपर्यंत टिकाव धरते. आज जगभर सिलिकॉनचे राज्य आहे, त्यामागे हे एक मोठे कारण.

आणखी एक गोष्ट मुंबईकराला विशेष वाटेल. फेरांटीचे हे काम ओल्डहॅमजवळ चॅडरटनच्या ‘जेम मिल’मध्ये चाले, आणि ती मूळची सूतगिरणी! गिरण्यांच्या जागी नुसते टॉवर आणि मॉलच उभे राहतात असे नाही.

संग्राहक ‘झेडटीएक्स ३००’सारखे चपट्या पाठीचे प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर शोधतात, ‘झेडएस’ अक्षरांनी सुरू होणारे डायोड शोधतात. नवख्याची फसगत होते ती ‘झेडएन ४१४’पाशी. १९७२ साली आलेला हा तुकडा दिसायला तीन पायांचा ट्रान्झिस्टरच, पण आत दहा ट्रान्झिस्टर. पेन्सिल सेलच्या सव्वा-दीड व्होल्टवर जवळजवळ सगळा रेडिओ त्यात मावे. हौशी मुलांनी त्यावर कितीतरी रेडिओ जोडले.

कंपनीचा शेवट मात्र वाईट झाला. १९८७ साली तिने एक अमेरिकन कंपनी विकत घेतली. त्या कंपनीची मोठमोठी कंत्राटे केवळ कागदावरच असल्याचे मागाहून उघड झाले. १९९३ साली फेरांटी बुडाली. ट्रान्झिस्टरचा विभाग त्याआधीच विकला गेल्यामुळे तेवढा वाचला. मालक बदलत गेले, तरी ‘झेडटीएक्स’ ही अक्षरे त्यानंतरही टिकली.

फेरांटीचा तुकडा सापडल्यावर आनंद होतो तो खराच. पण त्याच डब्यात बहुधा त्याच्या शेजारी पडलेला असतो ‘बीईएल’चा. म्हैसूरहून दीडशे किलोमीटरच्या आत, बंगळूरच्या जालहळ्ळीत, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली. तिथे १९६२ साली जर्मेनियमचे आणि १९६७ साली सिलिकॉनचे भाग बनू लागले. पत्र्याच्या टोपीचा ‘एसएल १००’ आणि काळ्या चौकोनी अंगाचा ‘बीसी १४८’ कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि दुरुस्तीच्या टेबलावर कोणी पाहिला नाही? परदेशी नावाचे कौतुक करताना याला वाटेला लावले जाते, हे बरे नव्हे. फेरांटीच्या मालाची माहिती तिकडच्या हौशी मंडळींनी नीट जपली आहे. आपल्या मालाची आपणच विचारपूस करायची.

ओळख पटवणे अवघड नाही. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन तारा लावाव्यात. काटा किंवा आकडा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास दिसला तर सिलिकॉन, ०.२-०.३ दिसला तर जर्मेनियम. पत्र्याच्या टोपीच्या कडेला छोटेसे टोक असते. ‘एसएल १००’मध्ये त्याच्या जवळचा पाय एमिटर. पुष्कळ भागांवर चार आकडे असतात: ७१३४ म्हणजे १९७१ सालचा चौतिसावा आठवडा. जुळे भाग रबरबँडने बांधू नयेत, त्यातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. पांढऱ्या चिनीमातीसारखे अंग असलेले मोठ्या शक्तीचे ट्रान्झिस्टर मुलांना फोडू देऊ नयेत. काहींत बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

तेवढे सांभाळले की उरते ते मोलाचे काम, चिठ्ठी लिहिण्याचे. हा भाग कोणत्या रेडिओतून निघाला, कधी, कोणी काढला? हे ट्रान्झिस्टरवर छापलेले नसते. ते ठाऊक असते पोस्टात रांग लावून रेडिओचे लायसन काढणाऱ्या, पाट्यावर बसून डाग देणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला. सुनेने किंवा नातवाने डबा त्यांच्यापुढे ठेवून नुसते ‘हे काय आहे?’ विचारले, तर ‘जुनं सामान’ एवढेच उत्तर येईल. त्यापेक्षा शेजारी मल्टिमीटर ठेवावा. चष्मा पुसून होईपर्यंत वही-पेन घेऊन बसावे.