आधी वायर, मग करवत

अमेरिकेतल्या देशी पार्टीत घराचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या तीन स्टेशनांवर थांबते: शाळा कशी आहे, मॉर्गेज किती टक्क्यांनी मिळालं, बेसमेंट फिनिश केलं का. गॅरेजबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्या मिशिगनमध्ये दोन गाड्यांचं गॅरेज म्हणजे साधारण वीस बाय वीस ते चोवीस बाय चोवीस फुटांची जागा. मुंबईत एवढ्या जागेत अख्खी कुटुंबं संसार करतात. आपण त्यात काय ठेवतो? दोन गाड्या, टीव्हीचं रिकामं खोकं (पुढच्या मूव्हिंगला लागेल म्हणून!), पेपर टॉवेलचा वर्षभराचा साठा आणि विमानात चाकं तुटलेल्या बॅगा.

माझं स्पष्ट मत आहे की स्वतःला इंजिनीअर म्हणवणाऱ्याने यातली निदान एक तृतीयांश जागा वर्कशॉपला द्यावी. आणि दुसरं मत, ज्यावरून भांडायचीही माझी तयारी आहे: वर्कशॉपची सुरुवात हत्यारांच्या खरेदीने करू नये.

होतं काय, की थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये टेबल सॉ स्वस्त दिसतो. मोठं खोकं घरी येतं, जोडणी होते आणि मशीन गॅरेजमधल्या एकुलत्या एका प्लगला लागतं. आता गणित करा. इथे १२० व्होल्ट. १५ अँपिअरच्या सर्किटवर जास्तीत जास्त १८०० वॉट. दीड हॉर्सपॉवरची करवत लाकडात शिरली की एकटीच जवळपास तेवढी वीज ओढते. भुसा ओढायला त्याच सर्किटवर व्हॅक्यूम चालू केला की ब्रेकर पडलाच. त्याच सर्किटवर जास्तीचा फ्रीझर असेल तर आत्याने दिलेल्या मोदकांचंही पाणी! आपण २३० व्होल्टच्या देशात वाढलो. तिथे तेवढ्याच वॉटला निम्मा करंट लागतो, म्हणून हा विचार आपल्या डोक्यात चटकन येत नाही.

तेव्हा पहिला खर्च वायरिंगचा. मशीनसाठी एक आणि व्हॅक्यूमसाठी एक, अशी २० अँपिअरची दोन स्वतंत्र सर्किट्स, १२ गेजची तांब्याची वायर आणि जीएफसीआयचं संरक्षण, कारण खाली काँक्रीट आहे आणि ते ओलं असू शकतं. आमच्या राज्यात घरमालकाला परमिट काढून स्वतःच्या राहत्या घरातलं हे काम करता येतं आणि मग इन्स्पेक्टर येऊन तपासतो. जमत नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियन बोलवावा, त्यात कमीपणा नाही.

दुसरा खर्च उजेडाचा. गॅरेजचा दिवा छताच्या मधोमध असतो आणि काम भिंतीलगतच्या बेंचवर चालतं. म्हणजे नेमकी आपली सावली आपल्याच रेघेवर. बेंचच्या वर, थोड्या पुढच्या बाजूला एलईडी ट्यूब लावल्या की करवतीची चूक अर्धी कमी होते.

तिसरा थंडीचा आणि मिठाचा. जानेवारीत बिनइन्सुलेशनचं गॅरेज बाहेरच्याइतकंच गारठतं. लाकडाचा नेहमीचा पिवळा गोंद साधारण दहा अंश सेल्सिअसखाली धड धरत नाही. शिवाय गाडीच्या चाकांबरोबर रस्त्यावरचं मीठ आत येतं, बर्फ वितळतो आणि ओतीव लोखंडाच्या टेबलावर आठवड्याभरात तांबूस डाग दिसू लागतात. म्हणून दाराला आणि भिंतींना इन्सुलेशन, लोखंडाला मेणाचा हात आणि प्रत्येक मशीनला चाकं. काम असेल त्या दिवशी मशीन पुढे, गाडी बाहेर. हा तह घरात आधीच करून ठेवावा.

चौथी गोष्ट धूळ. लाकडाचा भुसा म्हणजे निरुपद्रवी नैसर्गिक वस्तू असं आपल्याला वाटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. जमिनीवर पडलेला भुसा झाडता येतो, डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ मात्र हवेत तासन्‌तास राहते आणि फुप्फुसात जाते. ती मशीनच्या तोंडाशीच ओढून घ्यावी आणि वर मास्कही लावावा. गॅरेज आणि घर यांच्यामधली भिंत आग थोपवायला बांधलेली असते, पाइप न्यायला तिला भोकं पाडू नयेत. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवावीत.

मग बेंच. हा मात्र विकत घेऊ नये. टू-बाय-फोर आणि जाड प्लायवुड पुरतं. (टू-बाय-फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो. ड्रॉइंग आणि वस्तू यांच्यातला फरक शिकायला यापेक्षा स्वस्त धडा नाही.) उंची, उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत.

एवढं झालं की हत्यारं. गुण्या, करवत, पटाशी, रंधा, ड्रिल आणि भरपूर क्लॅम्प. त्यापुढे प्रत्येक हत्यार एखाद्या ठरलेल्या कामासाठीच आणावं. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी १९३८-३९ मध्ये पालो आल्टोच्या गॅरेजमध्ये सुरुवात केली तेव्हा भांडवल होतं ५३८ डॉलर आणि एक वापरलेला ड्रिल प्रेस. टेबल सॉ घ्यायचाच तर बोट लागताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारा घ्यावा. महाग असतो, पण या यंत्रामुळे अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक इमर्जन्सी रूममध्ये जातात. काटकसर करायला इतर जागा आहेत.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: "तुझ्या एका तासाचा रेट काय? तेवढ्यात तयार कपाट येईल की." खरं आहे. पैसे वाचतात असा माझा दावा मुळीच नाही. घरी बनवलेलं कपाट दुकानातल्यापेक्षा महाग पडतं. पण हाच हिशोब आपण मुलांच्या तबल्याच्या क्लासला किंवा मॅरेथॉनला लावत नाही. हातांच्या कामालाच का लावतो?

कारण जुनं आहे. आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी खाकी एप्रन घालून कानस चालवायची असते आणि तो 'जॉब' वर्कशॉपमधल्या मामांकडून पूर्ण करून घेणं ही चलाखी समजली जाते. दहावीला मार्क कमी पडले की आयटीआय, जास्त पडले की डिग्री. डोकं वरच्या मजल्यावर, हात तळमजल्यावर, आणि जिना कोणी बांधलाच नाही. वास्तविक मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर बनवले. हात काळे झाल्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

पीएचडीच्या काळात आमच्या विद्यापीठाच्या मशीन शॉपमध्ये साठीतले एक गृहस्थ होते. डिग्री नव्हती. विद्यार्थी त्यांच्याकडे ड्रॉइंग नेत: धातूच्या ठोकळ्यात चौकोनी खळगा, आतले चारही कोपरे अगदी काटकोनी. ते शांतपणे विचारत, "कटर गोल फिरतो. मग कोपरा चौकोनी कसा निघेल?" कॉम्प्युटरवर तो कोपरा एका क्लिकमध्ये, फुकटात निघतो. तो ठोकळ्यात निघत नाही हे ज्याने स्वतः हँडल फिरवलंय त्याला सांगावं लागत नाही. आता तर रेखाटनं आणि कोड दोन्ही यंत्रं करून देऊ लागली आहेत. अशा वेळी हे कळणारा माणूस कामाचा ठरेल, असं मला वाटतं.

आणि मुलं बघत असतात. बाबा दिवसभर स्क्रीनसमोर बसून नक्की काय करतात हे इथल्या मुलांना सांगूनही कळत नाही. डगमगणारं स्टूल शनिवारी सरळ झालेलं मात्र चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. हल्ली बहुतेक घरांत हळदकुंकू लॅपटॉपला वाहिलं जातं. माझी त्याला हरकत नाही. पण शेजारी एखादी पटाशीही असू द्या. धार लावलेली.