कंबर गेली, तर नोंद कुठे?

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. कारखान्याच्या फाटकावर फलक लागतात, शपथ घेतली जाते, ‘अपघाताविना इतके दिवस’ हा आकडा पाटीवर ठळक लिहिला जातो. पण त्याच कारखान्याच्या गोदामात गोण्या वाहून एखाद्याची कंबर कायमची गेली, तरी त्या आकड्याला धक्का लागत नाही. कंबर एका दिवसात जात नाही, रोज थोडीथोडी जाते. आणि ज्याला तारीख नाही, तो आपल्याकडे अपघात धरला जात नाही.

कायद्यातही हीच उणीव राहिली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवायलाच हवेत अशा २९ व्यावसायिक रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा असे रोग त्यात होते. ओझ्याने झिजलेला मणका किंवा निकामी झालेला खांदा नव्हता. याच अधिनियमाचं ३४वं कलम सांगत होतं की, इजा होण्याचा संभव असेल इतकं जड ओझं कोणालाही उचलायला लावू नये. म्हणजे धोका कायद्याला ठाऊक होता, त्यातून जडणारं दुखणं मोजायची सोय मात्र नव्हती.

गोदामात उभं राहून पाहिलं की हा धोका कसा तयार होतो ते दिसतं. ट्रकच्या फाळक्याशी पाठ लावून हमाल पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो, तेव्हा तो जवळपास ताठ असतो. खरी परीक्षा थप्पीपाशी. खालचे थर लावताना ओझ्यासकट वाकायचं, थप्पी वाढली की हलत्या फळीवरून चढायचं आणि वर पोचल्यावर कमरेतून वळून गोणी टाकायची. वाकणं, वळणं आणि वजन एकदम आलं, की मणक्यावरचा ताण कैक पटींनी वाढतो.

याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं सूत्र सांगतं, की सगळं अनुकूल असतानाही एका माणसाने दोन्ही हातांनी उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोंपर्यंतच आहे. ओझं शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटीमीटर लांब गेलं, की ही मर्यादा निम्मी होते. जमिनीवरून उचलायचं, वळायचं, वारंवार उचलायचं, तर आणखी कमी. अर्गोनॉमिक्स म्हणजे हाच हिशेब: माणसाला कामाच्या मापाचा करायचा नाही, काम माणसाच्या मापाचं करायचं.

आपल्याकडे मात्र ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ असं पोस्टर चिकटवून आणि कमरेचे पट्टे वाटून जबाबदारी संपते. या पट्ट्यांनी इजा टळते याला पुरेसा पुरावा नाही, हे त्याच संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं आहे. पोस्टर वाचूनही गोणी पन्नास किलोचीच राहते आणि थप्पी तितकीच उंच.

गोणी हलकी करणं अशक्य नाही. २०१८ मध्ये युरियाची गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोंची झाली. कारण खताचा वापर कमी करण्याचं होतं, हमालाच्या पाठीचा विचार त्यात नव्हता. पण सरकारने ठरवलं तर देशभरातल्या गोणीचं वजन बदलतं, हे तेव्हा सिद्ध झालं. माथाडी कामगारांना १९६९ चा कायदा मिळवून देणाऱ्या महाराष्ट्राने सिमेंट, साखर आणि धान्याच्या गोण्यांसाठी हीच मागणी लावून धरायला हवी.

तोवर मालकांना तीन गोष्टी आजच करता येतील. थप्पीची उंची खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. पहिला थर जमिनीवर न लावता उंच पॅलेटवर लावा. आणि कामगाराने कंबरदुखी सांगितली, की ती अपघाताच्या वहीत तारखेसह लिहा. वहीत आलेल्या दुखण्याचा जाब सुरक्षा अधिकाऱ्याला विचारता येतो. न लिहिलेलं दुखणं कामगार एकटाच सोसतो.