खाडीकाठी टॉवर येतोय? आधी मोबाइलवर हे तपासा

ठाणे खाडीलगत मोठा गृहप्रकल्प आला की शेजारच्या सोसायट्यांना एकच धास्ती: पावसाचं पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्यात भरती. पाणी समुद्रात जाईना. भराव टाकून नवा प्लॉट उंच केला, की पाणी शेजारच्या सखल वस्तीत शिरतं.

जाहिरातीतला महारेरा नंबर याची हमी देत नाही. गूगल अर्थवर जुन्या सॅटेलाइट इमेज बघा: तिथे खारफुटी होती का? २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. ती कागदपत्रं ‘परिवेश’ पोर्टलवर शोधा. व्हॉट्सॲप फॉरवर्ड कुणीही उडवून लावेल; तारखेसकट स्क्रीनशॉट जोडलेली लेखी हरकत तशी उडवता येत नाही.