अध्यक्षांचा पक्ष कोणता?

जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूर लागते. तिथल्या राजुरेश्वराच्या दर्शनाला अंगारकीला लोटणाऱ्या गर्दीत कोणी कोणाला पक्ष विचारत नाही. निवडणूक आली, की मात्र त्याच पायऱ्यांवर उमेदवार नारळ घेऊन येतात, आणि फुटलेला नारळ कोणत्या पक्षाचा हे गावाला अचूक कळते. उमेदवाराने देवाला जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न आहे तो निवडून आल्यानंतरचा. देव आणि पक्ष दोन्ही मनात ठेवून माणसाला सर्वांचा होता येते का?

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो सभागृहाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत. या भागाला तो परका नाही. फुलंब्री हा जालना लोकसभा मतदारसंघातलाच विधानसभा मतदारसंघ, आणि तिथले आमदार हरिभाऊ बागडे 12 नोव्हेंबर 2014 रोजी विधानसभेचे अध्यक्ष झाले. निवड बिनविरोध झाली. पण त्याच दिवशी फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. सरकारपाशी स्वतःचे बहुमत नव्हते आणि विरोधक मतविभागणी मागत होते. खुर्चीवर बसून काही तासही झाले नव्हते, आणि निष्पक्षपातीपणावर पहिला डाग पडला. डोकी मोजली असती तर काय बिघडले असते? 2019 साली बागडे पुन्हा भाजपच्याच तिकिटावर लढले आणि जिंकले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा रस्ता व्यवस्थेने ठेवलेलाच नाही.

म्हणजे, कागदावर ठेवलेला आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने अध्यक्षाला खास सवलत दिली: निवड झाल्यावर त्याने पक्ष सोडला तर आमदारकी वा खासदारकी जात नाही, आणि पद सुटल्यावर तो पक्षात परत जाऊ शकतो. दार उघडे आहे, पण त्यातून कोणी जात नाही. नीलम संजीव रेड्डींनी 1967 साली लोकसभेचे अध्यक्ष होताच काँग्रेस सोडली होती, तीही हा कायदा नसताना. मावळंकरांचे मत वेगळे होते. पक्षाचे सभासदत्व ठेवावे, पक्षाच्या वादांत पडू नये, असे ते मानत. तरीही 1954 साली विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध ठराव आणलाच.

सगळ्यांत बोलके प्रकरण सोमनाथ चटर्जींचे. जुलै 2008 मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला आणि राष्ट्रपतींना दिलेल्या खासदारांच्या यादीत अध्यक्षांचेही नाव घातले. चटर्जींनी खुर्ची सोडली नाही. 22 जुलैला सरकार 275 विरुद्ध 256 मतांनी तरले आणि दुसऱ्याच दिवशी मार्क्सवादी पक्षाने त्यांना काढून टाकले. दहा वेळा निवडून आलेला माणूस! तरीही एक गोष्ट खटकते. भाजपच्या बरोबरीने मत देणे आपल्याला पटणारे नाही, असे कारणही त्यांनी पक्षाला कळवल्याचे तेव्हा छापून आले होते. ते निधर्मीपणाचे कारण म्हणून उदात्त वाटेल, पण ते अध्यक्षाचे कारण नव्हे. अध्यक्षाला भाजप आणि मार्क्सवादी सारखेच. गंमत अशी, की सोमनाथबाबूंचे वडील निर्मलचंद्र चटर्जी हिंदू महासभेचे अध्यक्ष होते!

उलट बाजूचे उदाहरण आपल्या मनोहर जोशींचे. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, या प्रचारसभेतल्या वाक्यावरून त्यांची 1990 ची निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द ठरवली; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये तो निकाल फिरवला. आणि 2002 साली हेच जोशीसर लोकसभेचे अध्यक्ष झाले. खुर्चीत बसल्यावर त्यांच्याकडून अपेक्षा तीच, जी चटर्जींकडून. आपली राज्यघटना मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणते. निरपेक्ष म्हणजे मनात काही नसणे नव्हे. मनात असलेल्याची निर्णय देताना अपेक्षा न धरणे. पक्षनिरपेक्ष अध्यक्ष आणि धर्मनिरपेक्ष राज्य ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. जिला एक जमत नाही, त्या राजकीय संस्कृतीला दुसरे जमेल, यावर आमचा तरी विश्वास नाही.

10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी खरी शिवसेना शिंदे यांची, असा निर्णय दिला. तो कायद्याने बरोबर की चूक हे बाजूला ठेवू. तो काय असेल याचा अंदाज चहाच्या टपरीवरही आधीच बांधला गेला होता, हेच अधिक वाईट.

खरी गाठ आहे तिकिटाची. पुढची निवडणूक लढायची तर पक्ष लागतो. मतदारालाही ‘आमचा माणूस’ लागतो, रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी. अध्यक्षाला तर सभागृहात उठून आपल्या तालुक्याचा प्रश्नही मांडता येत नाही. इंग्लंडात मोठे पक्ष सहसा अध्यक्षाविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या समितीने सुचवले होते, की निःपक्षपातीपणे काम केलेल्या अध्यक्षाला पुढच्या सभागृहातही चालू ठेवावे. हेच पागे रोजगार हमी योजनेचे जनक. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्यांना त्या योजनेचे महत्त्व सांगायला नको. तिच्यावरून देशाने 2005 साली कायदा केला. पाग्यांची दुसरी सूचना मात्र अहवालातच राहिली.