गुदाशयाच्या युद्धजखमा: चार नियमांची झडती

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग. त्याच्या वरच्या भागावर उदरावरणाचे आच्छादन असते. खालचा भाग कटीच्या हाडांच्या कड्यात, चरबीत रुतलेला असतो. वरच्या भागाला भोक पडले तर पोट उघडून ते शिवता येते. खालच्या भागाला पडले तर मल आजूबाजूच्या चरबीत मुरतो, आणि तिथे पोटाच्या बाजूने सर्जनचे बोटसुद्धा जेमतेम पोचते. युद्धशस्त्रक्रियेतला वाद आहे तो या खालच्या भागाचा.

पूर्वपक्ष असा की चार गोष्टी केल्याच पाहिजेत: कोलोस्टॉमी करून मल पोटावर वळवणे, माकडहाडाजवळ छेद घेऊन गुदाशयामागे निचऱ्याची नळी ठेवणे, खालचे आतडे सलाइनने धुऊन काढणे आणि भोक शिवणे. हे नियम एका दिवशी जन्मलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हेनेज ओगिल्वी या ब्रिटिश सर्जनने मोठे आतडे शिवून परत पोटात ठेवण्याला विरोध केला. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या सर्जन जनरलच्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकाने जखमी मोठे आतडे पोटाबाहेर काढण्याचा किंवा कोलोस्टॉमी करण्याचा आदेश दिला. निचऱ्याची चालही त्याच युद्धात रुळली. धुण्याला वजन आले ते व्हिएतनाममधून, लॅव्हेन्सन आणि कोहेन यांच्या १९७१ च्या लेखाने.

आधी धुणे घेऊ. यात गुदद्वार ताणून सैल करतात, कोलोस्टॉमीच्या खालच्या तोंडातून नळी घालतात आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत लिटरमागून लिटर सलाइन सोडतात. आतडे अखंड असते तर हरकत नव्हती. पण इथे त्याला भोक आहे. दाबाने सोडलेले पाणी जसे खालून बाहेर येते तसे भोकातूनही जाते, आणि सोबत मल नेते. व्हिएतनाममधले निकाल सुधारले हे खरे. पण त्या युद्धात हेलिकॉप्टर होते, मुबलक रक्त होते, प्रतिजैविके होती. श्रेय एकट्या पाण्याला देणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

निचऱ्याची गत वेगळी नाही. जखम गुदाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर मागे ठेवलेली नळी तिथवर पोचतच नाही. उलट तोवर शाबूत असलेली जागा बोटाने उकलली जाते. १९९८ मध्ये ४८ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागून केलेल्या चाचणीत नळीचा लाभ दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २२ केंद्रांमधील ७८५ रुग्णांच्या पाहणीत, खालच्या भागाच्या जखमांत धुणे आणि नळी या दोन्हींसोबत पोटातली गुंतागुंत सुमारे तिप्पट आढळली. जास्त गंभीर रुग्णालाच नळी लागली असेल, हा आक्षेप रास्त आहे. तो मान्य केला तरी नळीच्या बाजूने पुरावा उभा राहत नाही. शिवण्याचे उत्तर सोपे: हात पोचला तर शिवावे, त्यासाठी कटीत खणत बसू नये.

आता दुसऱ्या टोकाचा पूर्वपक्ष. शहरातल्या रुग्णालयांत मोठ्या आतड्याच्या कित्येक जखमा थेट शिवल्या जातात. मग युद्धातही कोलोस्टॉमी कशाला? हा युक्तिवाद जखमीचा प्रवास विसरतो. शहरात शिवणारा सर्जन दुसऱ्या दिवशी त्याच खाटेपाशी उभा असतो. आघाडीवरचा जखमी काही तासांत पुढच्या ठाण्यावर जातो, तिथून विमानाने दुसऱ्या देशात. टाका उसवून ताप चढला की तो पाहणारा डॉक्टर नवा असतो. शिवाय पिस्तुलाच्या गोळीचे भोक आणि सुरुंगाचा स्फोट एक नव्हे. स्फोटात पाय तुटतो, कटीचे हाड फुटते, गुदद्वाराभोवतीची कातडी मातीसकट फाटते. त्या उघड्या जखमेवर दिवसातून अनेकदा मल पडू देणे परवडत नाही.

म्हणून चारांतला पहिला नियम टिकतो. मात्र त्याआधी निदान हवे. मांडीत, ढुंगणात किंवा जांघेत छिद्र असेल तर गुदाशयाचा संशय घ्यायचा, बोटाने तपासायचे, हातमोज्याला रक्त लागले नाही तरी दुर्बिणीने आत पाहायचे. कोलोस्टॉमीसाठी सिग्मॉइडचा, म्हणजे गुदाशयाच्या लगेच वरच्या मोठ्या आतड्याचा, वळसा डाव्या कुशीतून ताण न देता बाहेर काढतात आणि खाली कांडी सरकवतात, म्हणजे वरचा मल खालच्या तोंडात उतरत नाही. रक्तस्राव आवरत नसेल, अंग गार पडत असेल तर पहिल्या शस्त्रक्रियेत तेवढेही करत नाहीत: आतडे बांधायचे, कटीत पट्ट्या ठासायच्या, रुग्णाला ऊब आणि रक्त द्यायचे, कोलोस्टॉमी एकदोन दिवसांनी. फाटलेल्या जखमेतला मल आणि माती मात्र धुवावीच लागते. ते धुणे उघड्या जखमेचे, दाबाने आतड्यात पाणी सोडण्याचे नव्हे.

कोलोस्टॉमी बंद करणे हे पुढच्या रुग्णालयाचे काम, सहसा काही महिन्यांनी. त्याआधी खालच्या आतड्यात क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून गळती नाही ना ते पाहतात, आणि गुदद्वाराचा स्नायू मल धरून ठेवतो का हे तपासतात. तो धरत नसेल तर कोलोस्टॉमी तशीच ठेवतात.